काळी तेवढी कडकनाथ नव्हे
(शुद्ध जातीच्या कोंबड्यांची रंगानुसार पैदास)

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी खोक्यात नऊ पिल्ले घेऊन आमच्याकडे आले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी दहा माद्या व दोन नर कडकनाथ म्हणून विकत घेतले होते. पक्षी डांबरासारखे काळे. पिसे काळी, चोच काळी, पाय काळे. त्यांचीच अंडी उबवून चाळीस पिल्ले निघाली आणि त्यातली नऊ पिल्ले पायाने व कातडीने चक्क फिकी निघाली. शेजारच्या गावठी कोंबड्याने कुंपण ओलांडले असावे असा त्यांचा संशय होता. पण खुराडे चहूबाजूंनी जाळीचे होते आणि आत दुसरा नर शिरण्याची वाटच नव्हती. शिवाय फिक्या पिल्लांत नरही होते व माद्याही होत्या. चाळिसात नऊ म्हणजे सुमारे पाव हिस्सा. हा आकडा ऐकताच दोष कुंपणाचा नसून विकत घेतलेल्या पक्ष्यांचाच आहे, हे उघड झाले.

शेतकरी बंधूंनो, कडकनाथाला जो भाव मिळतो तो त्याच्या काळेपणामुळे. 2018 साली झाबुआच्या कडकनाथाच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्याकडेही या पक्ष्याचा मोठा बोलबाला झाला. परतखरेदीच्या आमिषाने महागडी पिल्ले घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील अनेकजण 2019 साली कसे बुडाले, हे आपण जाणताच. ती फसवणूक व्यवहाराची होती. पण एक फसवणूक रक्तातही होऊ शकते आणि ती विकणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसते. पैदाशीसाठी पक्षी ठेवणाऱ्याने, प्रदर्शनात पक्षी मांडू इच्छिणाऱ्याने आणि पिल्ले विकून नाव कमावू इच्छिणाऱ्याने तरी ती ओळखायला शिकलेच पाहिजे.

जातीची लक्षणे

शुद्ध जात म्हणजे जिची लक्षणे पिढ्यान् पिढ्या तशीच उतरतात ती. पक्षी देखणा आहे की नाही हा पुढचा प्रश्न. इंग्लंडात कोंबड्यांच्या प्रदर्शनांचे वेड 1845 च्या सुमारास सुरू झाले, तेव्हा प्रत्येक परीक्षक आपापल्या आवडीने बक्षिसे देई आणि भांडणे होत. म्हणून तेथे 1865 साली आणि अमेरिकेत 1874 साली जातींची मानके छापली गेली. तुरा कसा, पिसाची कड कोणत्या रंगाची, पायाचा रंग कोणता, हे सारे त्यात लिहिलेले असते. बांधा, रंग, डोके, पाय व पक्ष्याची प्रकृती यांना वेगवेगळे गुण देतात आणि काही दोष असे असतात की ते दिसताच पक्षी बाद होतो.

आपल्याकडे देशी जातींची नोंदणी कर्नालचे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो करते. कडकनाथ, असील, अंकलेश्वर, घागस या नोंदलेल्या जाती आहेत. कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार या भागातला. भिल्ल व भिलाला समाजाने तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. तेथे त्याला कालामासी म्हणतात. अलिराजपूर आणि आपला नंदुरबार यांच्यामध्ये फक्त नर्मदा आहे, तेव्हा हा पक्षी आपल्याला परका नाही.

कडकनाथाची लक्षणे पुढीलप्रमाणे पाहावीत. कातडी, चोच, पायाची नळी, बोटे व तळवे गडद करडे ते काळे. तुरा, जीभ व चोचीखालच्या लोंबत्या पाळ्या जांभळट. कानाच्या पाळीवर निळसर झाक. आतील अवयवांतही श्वासनलिका, हवेच्या पिशव्या, आतड्याचा पडदा यांवर काळेपणा उतरलेला असतो. पूर्ण वाढलेला नर सुमारे दीड ते दोन किलोचा, मादी एक ते दीड किलोची. मादी साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते व वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते. अंडे फिकट तपकिरी असते. काळे अंडे व काळे रक्त या निव्वळ बाजारगप्पा आहेत. रक्त लालच असते.

पिसांच्या रंगावरून कडकनाथात तीन प्रकार मानतात. पहिला जेट ब्लॅक, म्हणजे हिरवट निळसर झळाळीचा संपूर्ण काळा. दुसरा पेन्सिल, ज्याच्या मानेवरच्या काळ्या पिसांत पांढुरक्या रेघा असतात. तिसरा सोनेरी, ज्याच्या मानेवर व पाठीवर सोनेरी पिसे असतात. तिन्ही शुद्धच. मानेवर सोनेरी पिसे दिसली म्हणून पक्षी संकरित ठरवू नये आणि अंगभर काळा आहे म्हणून शुद्धही ठरवू नये.

पिसाचा रंग वेगळा, कातडीचा रंग वेगळा

बहुतेक गफलत येथेच होते. चीनची रेशमी पिसांची सिल्की कोंबडी पाहा. तिची पिसे कापसासारखी पांढरी असतात, पण पिसे बाजूला सारली की खाली कातडी काळीकुट्ट. याउलट ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पची पिसे कडकनाथाच्या तोडीची काळी, पण कातडी गोरी. दोन्ही रंग वेगवेगळ्या जनुकांच्या हाती आहेत. त्यामुळे काळ्या पिसांचा पक्षी दाखवून कोणी कडकनाथ म्हणत असेल तर त्याची जीभ, तोंडाचा आतला भाग, तळवे आणि पंखाखालची कातडी पाहावी. नुसत्या तुऱ्यावर निकाल देऊ नये. वयात आलेल्या नराच्या आणि अंड्यावर आलेल्या मादीच्या तुऱ्यात रक्त भरून थोडी लाली येऊ शकते.

पिल्लांच्या बाबतीतही घाई नको. कडकनाथाचे एक दिवसाचे पिल्लू निळसर ते काळे असून पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. काळ्या पिसांच्या अनेक जातींत पिल्लाच्या पोटाखाली व पंखाच्या टोकाला फिकट लव असते आणि पुढे पिसे बदलताना ती जाते. अशी लव पाहून चांगली पिल्ले काढून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. लव पाहू नका, तिच्याखालची कातडी पाहा.

काळेपणा कसा उतरतो

प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गुणाचा एक घटक बापाकडून व एक आईकडून मिळतो. कातडी व अवयव काळे करणारा घटक प्रभावी आहे. म्हणजे दोनपैकी एकच काळा घटक मिळाला, तरी पक्षी काळा दिसतो. शुद्ध कडकनाथात दोन्ही घटक काळे असतात. कडकनाथ नर आणि गावठी मादी यांच्या पिल्लात एक काळा व एक फिका असतो. ते शुद्धापेक्षा किंचित फिके असू शकते, पण नजरेने खात्री देता येत नाही. या घटकाचे मूळ आता नेमके सापडले आहे. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट होऊन उलटसुलट जोडला गेला आहे, हे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. सिल्कीत व कडकनाथात हा बदल एकच आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. आणखी एक घटक आहे जो कातडीत काळा रंग उतरू देत नाही. त्याला आपण अडवणारा घटक म्हणू. तो लिंगाशी जोडलेला आहे. नराला त्याच्या दोन जागा असतात, मादीला एकच आणि ती तिला बापाकडून मिळते. ज्या कोंबड्यांचे पाय पिवळे किंवा पांढरे असतात त्यांच्यात हा घटक बहुधा असतो. ज्या गावठी कोंबड्यांचे पाय पाटीच्या दगडासारखे निळसर करडे असतात त्यांच्यात तो नसतो. कडकनाथातही तो नसतो.

आता गंमत पाहा. कडकनाथ नर पिवळ्या पायाच्या लेगहॉर्न मादीला लावला तर मादी पिल्ले काळी होतात आणि नर पिल्ले फिकी, कारण आईकडचा अडवणारा घटक फक्त मुलांकडे जातो. उलट केले, म्हणजे लेगहॉर्न नर व कडकनाथ मादी, तर सगळीच पिल्ले फिकी होतात. बेटसन व पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की कोंबड्यांवर असे प्रयोग करून 1911 साली हे मांडले होते. मात्र तोच कडकनाथ नर करड्या पायाच्या गावठी मादीला लावला तर नर, माद्या सगळी पिल्ले काळी निघतात. आपल्याकडे कडकनाथाच्या नावाखाली जे संकरित पक्षी फिरतात, ते बहुतांशी या शेवटच्या मार्गाने तयार झालेले असावेत असे आमचे मत आहे.

संकर करणे हा गुन्हा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथाचा सुधारित लाल कोंबडीशी संकर करून कॅरी श्यामा हा परसातला पक्षी तयार केला आहे. तो कडकनाथापेक्षा खूप जास्त अंडी देतो व कातडीनेही काळा असतो. परसात अंड्यांसाठी पक्षी हवा असेल त्याने तो जरूर पाळावा. पण त्याला त्याच्या नावाने हाक मारावी आणि त्याची पिल्ले कडकनाथ म्हणून विकू नयेत.

फिकी पिल्ले काढत राहिल्याने कळप शुद्ध होतो का?

खोके घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी हाच प्रश्न विचारला. फिकी पिल्ले बाजूला काढतो आणि काळीच वाढवतो, मग झाले ना? दुर्दैवाने नाही. हिशेब सोपा आहे. सगळे पक्षी एक काळा व एक फिका घटक असलेले धरले तर पहिल्या पिढीत शंभरात 25 पिल्ले फिकी निघतील. ती काढून उरलेल्या काळ्यांची आपापसात पैदास केली तर पुढच्या पिढीत 11, त्यानंतर सुमारे 6 आणि त्यानंतर 4. शंभरात चारच फिकी निघतात म्हणून मालक खूश होतो. पण त्या पिढीच्या काळ्या पक्ष्यांतही तीनात एक पक्षी फिका घटक लपवून बसलेला असतो. अशा कळपातून पिल्ले नेणाऱ्याच्या घरी तो कधीतरी बाहेर येणारच आणि बोल लागतो तो विकणाऱ्याला.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे चाचणी पैदास. पैदाशीचा प्रत्येक नर आधी तपासून घ्यावा, कारण एका नराची पिल्ले सर्वांत जास्त निघतात. त्यासाठी फिक्या कातडीच्या पण करड्या पायाच्या दोन-तीन गावठी माद्या निवडाव्यात. त्या नराबरोबर त्या वेगळ्या ठेवाव्यात, अंडी जमवावीत व खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवावीत. नर शुद्ध असेल तर एकूण एक पिल्लू काळे निघेल. नर फिका घटक बाळगून असेल तर सरासरीने निम्मी पिल्ले फिकी निघतील. एकही फिके निघाले की नर पैदाशीतून बाद. ओळीने आठ पिल्ले काळी निघाली तर नर सदोष असूनही असे घडण्याचा संभव 256 मध्ये एक एवढाच उरतो. बारा-पंधरा अंड्यांची एक रवणी यासाठी पुरते.

पिवळ्या पायाच्या माद्या या चाचणीला घेऊ नयेत. त्यांची नर पिल्ले अडवणाऱ्या घटकामुळे तशीही फिकी निघतील आणि चांगला नर विनाकारण बदनाम होईल.

आणखी एक काळजी, जी आम्ही स्वतः ठोकर खाऊन शिकलो. एकदा चाचणीसाठी आणलेल्या माद्या दुसऱ्याच दिवशी नराकडे सोडल्या आणि आठवड्याभरात अंडी गोळा करायला घेतली. तीन पिल्ले फिकी निघाली व आम्ही तो नर काढून टाकला. पुढे लक्षात आले की त्या माद्या आधी गावठी कोंबड्यांत मोकळ्या फिरत होत्या. मादीच्या शरीरात नराचे वीर्य दोन-तीन आठवडे जिवंत राहते. अंडी कदाचित जुन्याच नराची होती. चांगला पक्षी हातचा गेला तो गेलाच. म्हणून माद्या आधी तीन आठवडे नराशिवाय ठेवाव्यात, मग नर सोडावा. नर बदलताना हाच नियम पैदाशीच्या कळपालाही लागू आहे.

माद्यांची चाचणी थोडी वेळखाऊ आहे, कारण एका मादीची अंडीच कमी. प्रत्येक मादीची अंडी पेन्सिलीने खूण करून वेगळी उबवावी लागतात. पण नर तपासलेला व शुद्ध असेल तर माद्यांतील दोष पिल्लांत कधीच उघडा पडत नाही, तो नुसता पुढे सरकतो, हे विसरू नये. म्हणून ज्या चार-पाच माद्यांच्या वंशातून पुढचे नर निवडायचे, त्या तरी तपासाव्यातच.

पिसांच्या रंगाची पैदास

कातडीची खात्री पटल्यावरच पिसांकडे वळावे. जेट ब्लॅक, पेन्सिल व सोनेरी हे तीन प्रकार वेगवेगळ्या खुराड्यांत ठेवावेत. त्यांची सरमिसळ केली तर काळा रंग सामान्यपणे वरचढ ठरतो, पण नराच्या मानेवर व पाठीवर सोनेरी किंवा रुपेरी पिसांची गळती दिसू लागते. मादीत ती दिसत नाही म्हणून मादी निर्दोष समजली जाते आणि तिची मुले मग प्रदर्शनात मागे पडतात. मादी निवडताना तिचे सख्खे भाऊ कसे आहेत ते पाहावे, हा जुन्या पैदासकारांचा नियम येथे कामी येतो.

सगळेच रंग स्थिर होत नाहीत. निळी अंदालुसियन ही जात याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. निळा नर व निळी मादी एकत्र केली तरी चारात एक पिल्लू काळे, दोन निळे व एक ठिपक्यांचे पांढुरके असे निघते. कितीही पिढ्या निवड केली तरी यात फरक पडत नाही. सगळी पिल्ले निळी हवी असतील तर काळ्या व पांढुरक्याची जोडी लावावी लागते. पट्टेदार प्लायमाउथ रॉकमध्ये दुसरीच अडचण. पट्ट्याचा घटक लिंगाशी जोडलेला असल्याने नरात तो दुहेरी असतो व नर फिकट दिसतो, मादी गडद दिसते. प्रदर्शनात मात्र दोघांचा रंग सारखा हवा असा हट्ट. त्यासाठी विलायतेतले शौकीन नरांसाठी एक कळप व माद्यांसाठी दुसरा, असे दोन कळप पाळू लागले. शौकिनाला ते परवडते. पोटासाठी कोंबड्या पाळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे आम्हाला वाटते.

पिसांवरचा प्रत्येक पांढरा डाग रक्ताचाच दोष असतो असेही नाही. खाद्यात प्रथिने, लोह, तांबे किंवा फॉलिक आम्ल कमी पडले तर गडद पिसे फिकी पडू शकतात. कडक उन्हात काळी पिसे तांबूस होतात. जखमेच्या जागी पांढरे पीस येऊ शकते. शंका असल्यास ते पीस उपटावे व नवीन कोणत्या रंगाचे येते ते पाहावे.

नात्यातली पैदास

रंग पक्का करण्याच्या नादात एकाच उत्तम नराची मुलगी त्यालाच लावण्याची चूक फार होते. रंग पक्का होतो खरा, पण उबवणुकीची टक्केवारी घसरते, पिल्ले मरतुकडी निघतात. कडकनाथात अंडी फळण्याचे प्रमाण आधीच कमी असते, तेथे हे मुळीच परवडत नाही. एका नरामागे दहा माद्यांचा बंदिस्त कळप ठेवला तर दर पिढीला रक्तातील जवळीक सुमारे पावणेचौदा टक्क्यांनी वाढते. तीन नर व तीस माद्या ठेवल्यास ती वाढ साडेचार टक्क्यांवर येते. तेव्हा तीन खुराडी करावीत, प्रत्येकात एक नर व आठ-दहा माद्या. मुली आपापल्या खुराड्यात ठेवाव्यात. पहिल्या खुराड्यात जन्मलेला नर दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला व तिसऱ्याचा पहिल्याला द्यावा. एवढे जागेत बसत नसेल तर गावातील तिघांनी मिळून एकेक खुराडे सांभाळावे.

निवड करताना रंगाबरोबर वजन व अंड्यांची नोंदही पाहावी. नुसत्या पिसांसाठी निवडलेल्या कितीतरी विलायती जाती अंड्याला नालायक झाल्या. आठव्या आठवड्यात वाकडी बोटे, वेडी चोच, खुरटी वाढ असलेले पक्षी काढावेत. रंगाची अखेरची निवड चोविसाव्या आठवड्यानंतर, पिसे पूर्ण भरल्यावर करावी. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी आणि वहीत त्या क्रमांकापुढे आई-बापांचे क्रमांक, ही नोंद नसेल तर वर लिहिलेले सगळे व्यर्थ आहे.

प्रदर्शनासाठी

पक्षी निवडला की दोन आठवडे आधी त्याला एकट्याने पिंजऱ्यात बसण्याची व हाताळून घेण्याची सवय लावावी. न बुजणारा, ताठ उभा राहणारा पक्षी अर्धी बाजी तेथेच मारतो. पाय व तळवे कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, पिसे फडक्याने पुसावीत. ज्यांची पिसे गळत आहेत ते पक्षी नेऊ नयेत. रंग किंवा काजळी लावण्याचे प्रकार होतात. जाणता परीक्षक ओले फडके फिरवतो, पंख उघडतो आणि चोच उघडून जीभ पाहतो.

राणीखेत म्हणजे मानमोडीची व देवीची लस वेळेवर टोचलेली असावी. जवळपास बर्ड फ्लूची बातमी असेल तर पक्षी घराबाहेर काढू नये, मग प्रदर्शन कितीही मोठे असो. परत आलेला पक्षी बक्षीस घेऊन आला असला तरी तीन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवावा, त्याचे खाद्यपाणी सर्वांत शेवटी करावे आणि त्याचे भांडे दुसऱ्या खुराड्यात नेऊ नये.